सड्याचा सर्व्हे पावसातच करायचा

एप्रिलमध्ये राजापूर-रत्नागिरीकडच्या कुठल्याही सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, उभं राहिलं, तर पायाखाली तापून काळा पडलेला जांभा, मधूनमधून वाळक्या गवताचे झुबके आणि एखादा अर्धवट ढासळलेला गडगा (सुट्या दगडांची भिंत) एवढंच दिसतं. सातबाऱ्यावर त्या जमिनीपुढे ‘पोटखराब’ किंवा ‘वरकस’ लिहिलेलं असतं. जागा घेणारा, आर्किटेक्ट, मोजणीवाले आणि पर्यावरणाचा अहवाल करणारी मंडळी, सगळे याच दिवसांत येतात, कारण गाडी वरपर्यंत जाते. मग अहवालात एक ओळ पडते: ‘जागा ओसाड व खडकाळ असून उल्लेखनीय वनस्पती अथवा प्राणी आढळले नाहीत.’

ऑगस्टच्या मध्यावर त्याच कातळावर एक मीटरची चौकट ठेवा. बोटभर मातीत गेंदाची पांढरी बोंडं, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं, ओल्या कडेला दवबिंदू या वनस्पतीची चिकट लालसर पानं, डबक्यात बेडकांची पिल्लं. जागा तीच असते, पण एप्रिलचा अहवाल लिहिणाऱ्याला यातलं काहीच भेटलेलं नसतं. सड्यावरच्या बहुतेक वनस्पतींचं उगवणं, फुलणं आणि बी धरणं जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत उरकतं. उरलेले महिने त्या बी किंवा कंदाच्या, आणि डबक्यातले बारीक जीव सुकलेल्या चिखलातल्या अंड्यांच्या, न दिसणाऱ्या रूपात काढतात. त्यामुळे बांधकामापूर्वीची जैवविविधता पाहणी सड्यावर करायची असेल, तर तिचं वेळापत्रक पाण्याप्रमाणे लावावं लागतं. बाकी सगळी पद्धत त्यानंतर येते.

कायदा काय मागतो

२००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधीव क्षेत्र असलेल्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. कोकणातल्या सड्यांवर जे होतंय ते बहुतेक याच्या खालचं असतं: पाच-दहा एकरांचं प्लॉटिंग, वीस बंगले, एखादं रिसॉर्ट. त्यांना बिनशेती परवानगी लागते, पण जीवसृष्टीची पाहणी कोणी मागत नाही. मोठ्या प्रकल्पांत मागतात, पण तिथे पायाभूत नोंदी बहुधा एकाच हंगामाच्या असतात आणि तो हंगाम पावसाळा सोडून धरायचा असतो. हवेतली धूळ मोजायला ते ठीक आहे, कारण पावसात धूळ बसते आणि आकडे फसवे येतात. सड्यावरच्या जिवांना हाच नियम लावला की वर्षातले नेमके कामाचे महिने वगळले जातात.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात (३१ जुलै २०२४) महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र धरलं आहे. आपलं गाव त्या यादीत आहे का, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवावं. पण यादीत नाही म्हणजे जागेवर काही नाही, असा अर्थ काढू नये. समुद्राजवळचे कमी उंचीचे सडे अशा याद्यांमधून सहज सुटतात.

म्हणजे चांगली पाहणी करायची की नाही हे बहुतेक वेळा मालक आणि आर्किटेक्ट यांच्यावरच येऊन ठेपतं. हे लेखन मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांनी बोलावलेल्या अभ्यासकांसाठी आहे.

जागेवर जाण्याआधी

गटाचा नकाशा घ्या आणि हद्द गूगल अर्थ प्रोमध्ये आखा. मग वर्षांची पट्टी मागे-पुढे सरकवून एकाच जागेची ऑक्टोबर-नोव्हेंबरची आणि एप्रिल-मेची चित्रं शेजारी ठेवा. जून ते सप्टेंबरची चित्रं ढगांमुळे सहसा मिळत नाहीत, म्हणून ऑक्टोबरचं चित्र महत्त्वाचं. त्यात गडद दिसणारे ठिपके म्हणजे पाणी किंवा खोल माती. डिसेंबरातही हिरवी राहिलेली पट्टी म्हणजे पाझर. सरळ कडांचे चौकोन म्हणजे जुनी चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढलेली खाण). वेड्यावाकड्या काळ्या रेघा म्हणजे कातळाच्या भेगा. हे सगळं कच्च्या नकाशावर उतरवून मगच सडा चढायचा.

ग्रामपंचायतीत जैवविविधता समितीची लोकजैवविविधता नोंदवही असते, ती मागून वाचावी. काही ठिकाणी ती मनापासून भरलेली असते, काही ठिकाणी शेजारच्या गावाची नक्कल असते. नक्कल ओळखायची सोपी खूण अशी: त्या गावात नसलेल्या नदीचे मासे त्यात सापडतात.

त्याहून जास्त माहिती सड्यावर गुरं नेणाऱ्यांकडे असते. ‘इथे कुठले प्राणी दिसतात’ असं विचारलं की बिबट्या आणि मोर एवढंच उत्तर मिळतं. प्रश्न नेमका हवा. पहिल्या पावसात पाणी आधी कुठे साठतं? गणपतीनंतर कुठलं डबकं आधी आटतं? पऱ्या (पावसाळी ओहोळ) कुठून फुटतो? गुरं कुठल्या बाजूला नेत नाहीत, आणि का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा ‘तिथे फुरशी फार’ (फुरसं हा विषारी साप) असं येतं, आणि ते पाहणी करणाऱ्याच्या जिवाच्या दृष्टीनेही कामाचं असतं.

मे महिन्याची फेरी: दगड, माती आणि रेषा

पहिली फेरी पावसाआधी, मेच्या शेवटच्या पंधरवड्यात. यावेळी झाडं-फुलं शोधायची नाहीत, जागेचे तुकडे पाडायचे. सडा दुरून एकसारखा दिसतो, जवळून तो निदान आठ-नऊ प्रकारच्या तुकड्यांचा बनलेला असतो: उघडा कातळ, कातळातल्या भेगा, उथळ खळगे, मातीने भरलेले खळगे, पाणी धरणारी डबकी, हंगामी ओहोळ, सुट्या दगडांचे पट्टे, झुडपांची बेटं आणि सड्याची कड. प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि जीपीएसवर हद्द चालून घ्या. मोबाइलची जीपीएस चूक पाच-दहा मीटरची असू शकते. दोन मीटरच्या डबक्याला ती परवडत नाही, म्हणून लहान डबक्यांची मोजणी जवळच्या पक्क्या खुणेपासून (वीजखांब, मोजणीचा दगड, गडग्याचा कोपरा) टेपने करावी.

मातीची जाडी मोजायला सहा मिलिमीटरची सळई पुरते. तिच्यावर दर सेंटिमीटरला करवतीने खाच पाडा, खळग्यात पाच ठिकाणी टोचा आणि सरासरी लिहा. दोन सेंटिमीटर मातीतली आणि पंधरा सेंटिमीटर मातीतली वनस्पती वेगळी असते. पुढे बांधकामात ‘थोडी माती टाकली तर काय झालं?’ असा प्रश्न येतो, तेव्हा हाच आकडा उत्तर देतो. बारीक जिवांच्या दोन सेंटिमीटर थरावर बागेची अर्धा फूट माती पडली की तिथे गवत आणि रान माजतं, मूळचं सगळं दबून जातं.

याच फेरीत प्रत्येक डबक्याच्या तळातली सुकी माती घ्यायची, साधारण शंभर ग्रॅम, वेगवेगळ्या कागदी पाकिटांत, क्रमांक घालून. घरी आल्यावर पांढऱ्या ट्रेमध्ये ती पसरायची, वर पाच सेंटिमीटर पावसाचं साठवलेलं पाणी ओतायचं आणि थेट ऊन न लागेल अशा उजेडात ठेवायची. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्लोरीनने प्रयोग बिघडतो. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी भिंगाने बघा. सड्यावरच्या डबक्यांत फेअरी श्रिंपसारखे कवचधारी जीव असतात, त्यांची अंडी सुक्या चिखलात महिनोन् महिने टिकतात आणि पाणी मिळालं की फुटतात. पाण्यात पाठीवर पोहणारा, केसाएवढा बारीक, पारदर्शक जीव ट्रेमध्ये दिसला की ‘ओसाड’ शब्द अहवालातून खोडायचा. मालकाला सगळ्यात लवकर पटणारा पुरावाही हाच असतो: त्याच्याच जमिनीची मूठभर माती त्याच्याच टेबलावर जिवंत होते. ट्रे रिकामा राहिला तर मात्र ‘डबक्यात जीव नाही’ असा निष्कर्ष काढायचा नाही. सगळी अंडी एकाच भिजण्यात फुटत नसतात.

मेमध्ये आणखी एक गोष्ट बघायची: कातळशिल्पं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरची ही चित्रं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि अजून नोंद न झालेली असू शकतात. भर दुपारी खाच दिसत नाही. सूर्य कलता असताना, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, सावली पडते आणि रेघ उठून दिसते. जूननंतर शेवाळ आणि गवत वर येतं. खाच सापडली तर तिथे खडू किंवा रंग फासू नका. फोटो घ्या, जागा नोंदवा आणि पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा.

सुटे दगड

सड्यावरचे सुटे दगड बांधकामवाल्याच्या नजरेत फुकटचा माल असतो. कुंपणाला, पायवाटेला, भरावाला ते आधी उचलले जातात. प्रत्यक्षात प्रत्येक दगडाखाली सावली, ओल आणि लपायला फट असते, आणि तापलेल्या कातळावर दुसरीकडे कुठे ती नसते. पांढऱ्या पट्ट्यांची, जमिनीवर राहणारी हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस ही कोकणातली पाल याच दगडांखाली राहते. विंचू, बेडूक, देवगांडूळ आणि फुरसंही तिथेच.

पद्धत अशी. दहा बाय दहा मीटरचे पट्टे आखा, एकूण वीस तरी. पट्ट्यातले वीस सेंटिमीटरहून मोठे सगळे दगड मोजा आणि प्रत्येक उलटून बघा. उलटताना लोखंडी आकड्याने दगडाची पलीकडची कड उचलून आपल्या बाजूला कलती करायची. म्हणजे फट आपल्यापासून लांब उघडते, दगडच ढाल होतो आणि आतला जीव पलीकडे निघून जातो. बोटं दगडाखाली घालायची नाहीत, एकदाही नाही. बघून झालं की दगड होता तसाच, होता त्याच ठशात परत ठेवायचा. उलटा ठेवलेला किंवा अर्धवट टेकवलेला दगड कामाचा उरत नाही, फट मोठी होते आणि ओल उडते. पाहणी करणाऱ्यांनीच पंधरा मिनिटांत अर्धा एकर निकामी केल्याची उदाहरणं कमी नाहीत, आणि याबद्दल बोललं जात नाही हे वाईट आहे.

गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातात आकडा, किमान दोन माणसं, आणि निघण्यापूर्वी सर्पदंशाची लस कुठल्या रुग्णालयात आहे याची फोनवर खात्री. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. चावलं तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात-पाय न हलवता थेट रुग्णालय.

प्राणी पकडून मोजायचे असतील तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव संरक्षकांची लेखी परवानगी लागते. जागा खाजगी आहे म्हणून ती सुटत नाही. बांधकामाच्या पाहणीला बहुतेक वेळा पकडण्याची गरजच नसते. फोटो, दगडाची मापं आणि दगडाखाली कातळ होता, चिखल होता की पोकळी, एवढी नोंद पुरते.

पावसाच्या फेऱ्या

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की चार-पाच दिवसांत सड्यावर पोचायचं. दीपकाडीची पांढरी फुलं याच सुमारास येतात, पावसाच्या सुरुवातीला. हा कंद कोकणच्या सड्यांपुरताच आहे. फुलं नसताना त्याची पानं गवतात हरवतात, मग जाणकारालाही सहज सापडत नाही. म्हणून जूनची फेरी चुकली की त्या वर्षीची दीपकाडी चुकली.

पावसातली दुसरी फेरी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, तिसरी सप्टेंबरच्या मध्यावर, चौथी ऑक्टोबरच्या मध्यावर. ऑक्टोबरची फेरी मुख्यतः गवतांसाठी. गवताची जात तुऱ्यावरून ओळखतात आणि सड्यावरच्या बऱ्याच गवतांचे तुरे तोवर पक्व होतात. पैसे कमी असतील आणि एकच फेरी करता येत असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: ऑगस्ट. आणि अहवालात ‘एकच फेरी केली’ हे ठळक लिहायचं.

चौकट घरी करता येते. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे एक मीटरचे चार तुकडे, चार कोपरे (एल्बो), आणि दर दहा सेंटिमीटरवर भोक पाडून ओवलेली नायलॉनची दोरी. शंभर चौकोन तयार होतात. प्रत्येक जातीपुढे ती किती चौकोनांत आहे हा आकडा लिहायचा. ‘भरपूर’, ‘मध्यम’, ‘तुरळक’ असले शब्द दोन माणसांचे दोन निघतात, चौकोनांचा आकडा सहसा एकच येतो. लहान खळग्यांना मीटरची चौकट बसत नाही, तिथे पन्नास सेंटिमीटरची वापरा आणि तसं नोंदवा. वेगवेगळ्या मापांचे आकडे एकत्र बेरजेत घेऊ नयेत.

चौकट कुठे ठेवायची हे डोळ्यांवर सोडलं तर पाय आपोआप फुलांकडे वळतात. चौकट मागे वळून फेकण्याची पद्धत अनेक जण वापरतात, तीही खरी नाही, कारण माणूस उभा कुठे राहतो ते त्यानेच ठरवलेलं असतं. नकाशावर जाळी आखून, चिठ्ठ्या काढून जागा आधी ठरवा. प्रत्येक प्रकारच्या तुकड्यात किमान दहा चौकटी. पुढे किती, याची कसोटी सोपी: लागोपाठ पाच चौकटींत एकही नवी जात आली नाही की त्या तुकड्यातलं काम त्या फेरीपुरतं झालं.

जागेवर नावाची घाई करू नये. गेंदाच्या जाती फुलोऱ्यातली बारीक फुलं आणि बी भिंगाखाली बघितल्याशिवाय सांगता येत नाहीत. सीतेच्या आसवांचंही तसंच. ‘गेंद, जात अनिश्चित, नमुना क्र. १४’ ही प्रामाणिक नोंद आहे. पुस्तकातल्या फोटोवरून दिलेलं पूर्ण शास्त्रीय नाव पुढे सगळा अहवाल संशयात पाडतं. फोटो पाच घ्यायचे: अख्खं झाड, फूल समोरून, फूल बाजूने, पान, आणि बुडखा, प्रत्येकात शेजारी पट्टी. नमुना घ्यायचाच झाला तर मालकाच्या परवानगीने, मोजकाच, आणि तो पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रात किंवा विद्यापीठाच्या वनस्पती संग्रहात पोचेल अशी सोय करून.

पावसात वही भिजते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बॉलपेनची शाई ओल्या कागदावर उमटत नाही आणि मोबाइलचा पडदा ओल्या बोटाला दाद देत नाही, हे जागेवरच कळतं. पेन्सिल, जाड कागद, क्लिपबोर्डला वरून बांधलेली पारदर्शक पिशवी. कॅमेऱ्याच्या डब्यात सिलिका जेल. जांभ्यावरचं शेवाळ इतकं निसरडं असतं की गुळगुळीत तळाचा बूट नकोच. ढग गडगडले तर काम थांबवून खाली उतरायचं. उघड्या सड्यावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो.

डबकी आणि रात्र

प्रत्येक डबक्याची लांबी, रुंदी, तीन ठिकाणची खोली, पाण्याचं तापमान आणि पीएच दर फेरीला घ्या. पण सगळ्यात महत्त्वाच्या दोन तारखा: पाणी कधी भरलं आणि कधी आटलं. दोन्ही तारखांना पाहणीवाला तिथे नसतो. गावातल्या एखाद्या माणसाला मानधन देऊन आठवड्यातून एकदा फोटो काढायला सांगितलं तर हे काम उत्तम होतं. बेडकाच्या पिल्लाला पाय फुटून बाहेर पडायला काही आठवडे लागतात. डबकं त्याआधी आटलं तर ती पिढी गेली. रस्त्याच्या भरावाने डबक्याचं पाणी पंधरा दिवस आधी आटू लागलं, तर डबकं जागच्या जागी असूनही त्याचा उपयोग संपतो. कागदावर मात्र ते ‘जतन केलं’ म्हणून दाखवलेलं असतं.

बेडकांसाठी रात्री सात ते दहा, पाऊस पडून गेल्यावर. ठरलेल्या ठिकाणी दहा मिनिटं दिवे बंद करून उभं राहायचं, आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायचा, मग विजेरी लावून पट्टा चालायचा. आंबोलीच्या जांभ्यावरचा आंबोली टोड, ज्याला शास्त्रीय नाव २००९ साली मिळालं, पावसाच्या सुरुवातीला उथळ डबक्यांत अंडी घालतो. जानेवारीच्या पाहणीत तो दिसण्याची आशा धरू नये. देवगांडूळ मोठ्या गांडुळासारखं दिसतं, पण त्याला जबडा असतो आणि तो बेडकांच्या नात्यातला पाय नसलेला जीव आहे. गांडूळ म्हणून सोडून देण्याआधी तोंड नीट बघावं.

पक्षी, सस्तन प्राणी, झाडं

यांची पद्धत कुठल्याही माळरानासारखीच, म्हणून थोडक्यात. पक्ष्यांसाठी सूर्योदयानंतरचे तीन तास, दोनशे मीटर अंतरावरचे थांबे, प्रत्येकी दहा मिनिटं. एप्रिल-मेमध्ये टिटवी आणि रातवा उघड्या जमिनीवर अंडी घालतात, तेव्हा पाय जपून. एक फेरी जानेवारीत करावी, स्थलांतर करून येणाऱ्या भोवत्यांसाठी (हॅरियर या शिकारी पक्ष्यांसाठी). सड्यावर कॅमेरा बांधायला झाड नसतं, गडग्याच्या दगडांत गुडघ्याच्या उंचीवर बसवावा, तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला, समोरचं गवत कापून. नाहीतर हलणाऱ्या गवताचे हजारो फोटो येतात. झाडांचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा आणि ढोली आहे का ते बघायचं, कारण धनेशाला ढोलीच लागते. सड्याला लागून देवराई असेल तर तिची हद्द नकाशात आलीच पाहिजे.

परिणाम बांधकामाच्या कुंपणाशी थांबत नाहीत, हे साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर मोजून दाखवलं गेलं आहे. तिथल्या पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ एक-चतुर्थांश उरले आणि त्यांच्यापासून भीती नसल्याने सरड्यांची संख्या वाढली, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तो सरडा म्हणजे निळ्या-काळ्या-केशरी गळ्याचा, ज्याच्या शास्त्रीय नावातच ‘सरडा’ हा आपला शब्द आहे. म्हणून आपल्या गटाबाहेरचा किमान पाचशे मीटरचा पट्टा पाहणीत धरावा.

पाणी कुठे जातं

जोराच्या पावसात, छत्री घेऊन, पाण्याच्या मागे चालायचं. ते कुठल्या भेगेत शिरतं, कुठे पसरतं, कुठून कड उतरतं हे बाणांनी नकाशावर काढायचं. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर मुरलेलं पाणी पायथ्याच्या झऱ्यांना आणि वाडीच्या विहिरींना मिळतं. त्याच वाटेने शौचालयाच्या टाकीचं पाणीही जातं. भेगेच्या डोक्यावर शोषखड्डा घेतला तर पुढच्या पावसात खालच्या विहिरीला वास येतो. हा एक मुद्दा नीट मांडला तर ग्रामपंचायत पाहणीकडे वेगळ्या नजरेने बघते.

अहवाल कसा हवा, कसा नको

पाहणीचा अहवाल हातात आला की मालकाने आधी जातींची यादी बघू नये. तारखा बघाव्यात. कुठल्या दिवशी, किती वाजता, किती माणसं, किती चौकटी, किती रात्री. हे नसेल तर यादी कितीही लांब असो, ती जागेवरची आहे की पुस्तकातली हे सांगता येत नाही. ‘आढळलं नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे. किती शोधलं हे लिहिलं तरच पहिल्याला अर्थ येतो. दहा किलोमीटर परिघाची यादी आणि गटातली यादी वेगवेगळी हवी. दोन्ही मिसळून दिल्या की बिबट्या आणि गवा यादीत झळकतात आणि दीपकाडी कुठे आहे ते कोणालाच कळत नाही.

सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे एकास दोन हजार (१:२०००) प्रमाणात काढलेला तुकड्यांचा नकाशा. तो आर्किटेक्टला त्याच्या ड्रॉइंगमध्ये थर म्हणून टाकता येईल अशा फाइलमध्ये द्यावा. पीडीएफमधला रंगीत नकाशा कोणी उघडत नाही. ड्रॉइंगमधली लाल रेघ मात्र रोज समोर येते. आणि तो आराखडा ठरायच्या आधी द्यावा. प्लॉट पाडून, विकून झाल्यावर आलेल्या नकाशाला फक्त फाइलमध्ये जागा मिळते.

बांधायचं कुठे, याचं उत्तर बऱ्याच सड्यांवर आधीच तयार असतं: जुनी चिरेखाण, झाडांची कलमं लावायला सुरुंगाने फोडलेला भाग, आधीचा रस्ता. जिथे कातळाचं मूळ कवच गेलं आहे तिथे घरं घ्या, अखंड कवच सोडा. अखंड कवच एकदा फोडलं की परत बसवता येत नाही. झाडं लावता येतात, कातळ लावता येत नाही. फुलांच्या मातीचे गोळे उचलून दुसरीकडे नेणं हा उपाय म्हणून सुचवला जातो, त्यावर विसंबू नये. मातीची जाडी, उतार आणि पाण्याचे दिवस हे तिन्ही जुळलेली दुसरी जागा सहसा मिळत नाही, आणि मिळालीच तर तिथे आधीच कोणीतरी राहत असतं. भरपाई म्हणून सड्यावर वृक्षारोपण करणं तर सरळ नुकसान आहे. सावली आणि बाहेरची माती, दोन्ही या जिवांना मारतात.

बाकी सूचना ठेकेदाराच्या करारात घालाव्या लागतात, अहवालात लिहून भागत नाही. जून ते सप्टेंबर खोदकाम बंद. काँक्रीट मिक्सर धुतलेलं पाणी ठरलेल्या खड्ड्यातच, कारण ते इतकं अल्कधर्मी असतं की एका बादलीने डबकं मरतं. सुटे दगड उचलायचे नाहीत, कुंपणाला बाहेरून चिरा आणायचा. कुंपणाच्या खालच्या थरात दर दोन मीटरला एक चिरा सोडून पाण्याला वाट ठेवायची. रस्त्याला नकाशावरच्या प्रत्येक बाणापाशी मोरी. दिवे खाली तोंड केलेले, पिवळसर, आणि डबक्यांच्या बाजूला नाहीच.

चौकटींचे कोपरे मात्र कायमचे ठेवा. प्रत्येक चौकटीच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत कातळाला बारीक भोक पाडून स्टेनलेस स्टीलचा खिळा बसवा, वर क्रमांकाची पत्र्याची चकती. साधं लोखंड दोन पावसांत गंजून जातं. निवडलेल्या वीसेक चौकटी बांधकामाच्या आत, वीस बाहेर. दरवर्षी ऑगस्टच्या त्याच आठवड्यात त्याच खिळ्यांवर चौकट टेकवायची, शंभर चौकोन मोजायचे, आणि वहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीत द्यायची.